अंदाज न बांधणारा

डेटाबेसला तोंड नाही. मोंढ्यातल्या आडत दुकानात गादीवर मालक असतो, टेबलाशी मुनीम, दारात हमाल आणि मापाडी, बाकड्यावर पट्टीची वाट बघणारा शेतकरी. डेटाबेसही दिवसभर तिथंच असतो, पण कुणाला दिसत नाही. पडद्यावर दुकानाचं नाव, रंगीत बटणं, कोपऱ्यात तिरुपतीच्या बालाजीचा फोटो दिसतो, तो प्रोग्रॅम. तो बोलका, आल्यागेल्याची ऊठबस करणारा. डेटाबेस आतल्या खोलीतला. त्याच्याजवळ फक्त रकाने आणि ओळी. विचारलं तेवढंच सांगणार, आणि दिलेलं नियमात बसलं नाही तर सरळ परत करणार.

मी उदगीरमध्ये राहून लोकांना वेबसाइट आणि डेटाबेस करून देते. कुठल्या कंपनीची नाही, स्वतंत्र काम करते. पदवी इथंच घेतली; विद्यापीठ नांदेडचं, १९९४ साली मुक्तिसंग्रामदिनी, १७ सप्टेंबरला सुरू झालेलं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ. पुढं काही वर्षं पुण्यात नोकरी, मग परत गावी. आडत दुकानं, डाळमिल, शाळा, वाचनालय अशी माझी गिऱ्हाइकं. 'मॅडम, तुम्ही नेमकं करता काय?' असं विचारलं की साइट करते हे सांगणं सोपं जातं, कारण साइट मोबाइलवर उघडून दाखवता येते. पण माझे बहुतेक तास ज्याच्या सहवासात जातात तो असा उघडून दाखवता येत नाही. त्याची ओळख शब्दांनीच करून द्यायला हवी.

त्याच्या स्वभावाची मुख्य गोष्ट म्हणजे तो अंदाज बांधत नाही. कसलेला मुनीम अंदाजावरच चालतो आणि बहुतेक वेळा बरोबर ठरतो. 'हेरच्या पाटलाचं सोयाबीन आलंय' एवढं कानावर पडलं की कुठला पाटील, मागची उचल किती, घरात लग्न आहे म्हणून पैसे आजच लागणार की दिवाळीपर्यंत थांबतील, सगळं त्याच्या डोक्यात हजर. डेटाबेसला 'हेर' हे गाव आणि 'पाटील' एवढंच दिलं तर तो हेरचे सगळे पाटील ओळीनं उभे करतो आणि गप्प राहतो. यातला कोणता, ते तुम्ही सांगायचं. सुरुवातीला दुकानात याचा राग येतो. 'एवढं बी कळंना का ह्याला?' असं मलाच विचारतात. नाही कळत. आणि कळल्याचं सोंग तो करत नाही, यासाठीच त्याला कामावर ठेवायचं असतं.

आमच्या भागात नावांचा गुंताही तसाच. बालाजी फार, व्यंकट, माधव, ज्ञानोबा, शिवाजी घरोघर. शेजारी बिदर, तेलंगणाही जवळ, त्यामुळं नावांना अप्पा, अय्या, राव, खान, पटेल अशी सगळी शेपटं लागतात. एका गावात एकाच नावाचे, वडिलांचंही नाव एकच असलेले दोन शेतकरी निघतात, आणि दोघंही एकाच दुकानाला माल घालतात. गावांचंही तेच. एका वहीत 'वाढवणा बु.', दुसऱ्या वहीत 'वाढवणा बुद्रुक', तिसरीकडं नुसतं 'वाढवणा'. मुनीमकाकांच्या लेखी हे एकच गाव. डेटाबेसच्या लेखी ही तीन गावं आहेत, आणि 'वाढवणा बुद्रुकचे किती शेतकरी?' असं विचारलं तर तो तिसऱ्या हिश्श्याचं उत्तर पूर्ण आत्मविश्वासानं देईल. म्हणून गाव लिहायला द्यायचंच नाही. गावांची यादी एकदाच करायची, काकांना शेजारी बसवून बुद्रुक कुठलं आणि खुर्द कुठलं ते ठरवायचं, आणि पुढं सगळ्यांनी त्या यादीतूनच निवडायचं. या कामाला संगणक कमी लागतो आणि बैठक जास्त.

माणसांच्या बाबतीत तो एकच मागणी करतो: प्रत्येकाला एक क्रमांक द्या, जो दुसऱ्या कुणाचा नसेल आणि कधी बदलणार नाही. एका मुनीमकाकांना हे फार लागलं होतं. पिढ्यान्‌पिढ्या माल घालणाऱ्या माणसाला नंबर द्यायचा? मी त्यांना त्याच दुकानातले दोन बालाजी दाखवले, एकाच गावचे, एकाच वडिलांच्या नावाचे. एकाची उचल दुसऱ्याच्या नावावर पडू नये म्हणून नंबर. हाक मारायला नाव आहेच. ते पटलं. मग मालकांनी सुचवलं की आधार नंबरच घ्या, सगळ्यांकडं आहे. देशातला पहिला आधार आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत २९ सप्टेंबर २०१० ला दिला गेला. आता तो खरंच सगळ्यांच्या खिशात आहे. तरी मी नको म्हटलं. दुकानाला माणूस ओळखायला दुकानाचा खातेक्रमांक पुरतो. जे साठवाल ते राखावं लागतं, आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानं ही राखण साठवणाऱ्याची जबाबदारी ठरवली आहे. डेटाबेस स्वतः हावरा नाही. रकाना केला नाही तर तो मागत नाही. हाव असते ती रकाने आखणाऱ्याची.

डेटाबेसचं घराणं फार जुनं नाही. एडगर कॉड हा इंग्लंडात जन्मलेला, दुसऱ्या महायुद्धात विमान चालवलेला गणिती अमेरिकेत आयबीएमच्या प्रयोगशाळेत काम करत होता. जून १९७० मध्ये त्यानं एक निबंध छापला. त्या काळी माहिती कुठल्या वाटेनं साठवली आहे हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला ठाऊक असावं लागे. वाट बदलली की सगळे प्रोग्रॅम मोडत. कॉडचं म्हणणं होतं की माहिती साध्या तक्त्यांत ठेवा, आणि विचारणाऱ्यानं काय हवं तेवढं सांगावं. ते कुठं ठेवलंय हे ठाऊक असण्याची गरज त्याला पडू नये.

उदगीरच्या माणसाला या म्हणण्याची किंमत लवकर कळावी. १७६० साली सदाशिवरावभाऊंनी निजामाचा पराभव केला तो इथं. त्या लढाईचे कागद पुण्याच्या पेशवे दफ्तरात, मोडीत लिहिलेले, रुमालांत बांधलेले. कुठल्या रुमालात काय आहे हे जाणणारी माणसं असतील तोवर ते कागद बोलत, नाही तर मुके. गोविंद सखाराम सरदेसाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३० च्या दशकात त्या ढिगातून निवडून ४५ खंड छापले. त्यातला पहिलाच खंड उदगीरच्या लढाईचा. एवढी वर्षं आमच्या गावाच्या इतिहासाचा ठावठिकाणा काही मोजक्या माणसांच्या डोक्यात होता. कॉडला नेमकं तेच मोडायचं होतं.

कॉडची कल्पना उदगीरपर्यंत यायला मात्र पैशाची अडचण होती. मोठ्या कंपन्यांचे डेटाबेस महाग. आडत दुकानाच्या आवाक्याबाहेरचे. वाट काढली ती फिनलंडच्या मायकेल विडेनियसनं. १९९५ साली त्यानं आणि त्याच्या सोबत्यांनी जो डेटाबेस बाहेर काढला त्याला विडेनियसच्या मुलीचं, My चं, नाव आहे, त्यावरून मायएसक्यूएल. २००० पासून तो सर्वांसाठी खुल्या परवान्यावर मिळू लागला. पुढं कंपनी विकली गेली, ऑरॅकलच्या हाती जाणार असं दिसलं, तेव्हा विडेनियसनं त्याचाच खुला भाऊबंद काढला आणि त्याला धाकट्या मुलीचं नाव दिलं, मारियाडीबी. १९९५ मध्येच रासमुस लर्डोर्फनं पीएचपी ही साइट लिहायची भाषा बाहेर आणली. या फुकट मिळणाऱ्या गोष्टींच्या जोरावर जगभरातल्या लहान गावांत माझ्यासारखी माणसं उभी राहिली. परवान्याला पैसे लागले असते तर आमच्यातल्या बहुतेकांना सुरुवातच करता आली नसती.

पण हा डेटाबेस परदेशात वाढलेला, आणि त्याच्या सवयीही तिकडच्याच. कित्येक वर्षं मायएसक्यूएल काही न सांगता बसवला तर तो युरोपी लिपी धरून चाले आणि नावं स्वीडिश वर्णक्रमानं लावे. अशा डेटाबेसात 'उदगीर' लिहिलं की पाच प्रश्नचिन्हं परत येत. ते मूळ अक्षर पुन्हा कशातूनही काढता येत नाही. ते लिहिलंच गेलेलं नसतं. म्हणून तक्ता करण्याआधी त्याला लिपी सांगावी लागते. २०१८ साली आलेल्या आठव्या आवृत्तीपासून ही सवय सुटली, पण जुने डेटाबेस अजून ठिकठिकाणी चालू आहेत.

देवनागरी तो कशी बघतो हे एकदा जवळून पाहण्यासारखं आहे. 'ज्ञानेश्वर' हे नाव आपल्याला चार अक्षरांचं दिसतं: ज्ञा, ने, श्व, र. त्याला ती दहा चिन्हं दिसतात: ज, हलन्त, ञ, काना, न, मात्रा, श, हलन्त, व, र. आणि साठवताना प्रत्येक चिन्हाला तीन बाइट, म्हणजे तीस. रकान्याची लांबी बाइटांत मोजली जाते तिथं रोमनमध्ये नाव लिहिणाऱ्यानं आखलेला रकाना मराठी नावाला तोकडा पडतो तो असा. वर्णक्रमाचंही तसंच. शाळेत आपण क्ष आणि ज्ञ शेवटी म्हणतो; हा क्षीरसागरांना क मध्ये बसवतो आणि ज्ञानोबांना ज मध्ये. वाचनालयाच्या सभासदयादीत हे सांगून ठेवावं लागतं, नाही तर माणूस यादीत असून सापडत नाही. मोडीची तर वेगळी तऱ्हा. २०१४ साली मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली, पण तिच्या प्रत्येक चिन्हाला चार बाइट लागतात, आणि जुन्या मायएसक्यूएलचा युनिकोड तीन बाइटांवरच थांबत असे. त्यात देवनागरी मावे; मोडीला मात्र दार बंद होतं. ज्या लिपीत उदगीरची लढाई लिहिली गेली तिला आता तिथं जागा आहे, पण जुन्या डेटाबेसात ती मागून घ्यावी लागते.

आता त्याचा मला सर्वांत आवडणारा गुण. 'काही नाही' आणि 'माहीत नाही' यातला फरक तो पाळतो. कॉडनं १९८५ मध्ये डेटाबेसचे नियम मांडले त्यात याला स्वतंत्र स्थान दिलं आहे. एका दुकानाच्या वह्या उतरवून घेताना उचलीच्या रकान्यात बऱ्याच जागा कोऱ्या होत्या. मी विचारलं, कोरं म्हणजे काय? काका म्हणाले, कोरं म्हणजे घेतली नाही. मी एका ओळीवर बोट ठेवलं. ते थांबले, चष्मा वर केला, म्हणाले, 'ह्यानं घेतलीय. पण त्या दिवशी मी गावाला होतो, चिठ्ठीवर लिहिलेलं असंल.' मग पुढच्या ओळीवर बोट, मग त्याच्या पुढच्या. काही कोऱ्या जागा खऱ्या शून्य निघाल्या, काही चिठ्ठ्यांतल्या, आणि काहींचं कुणालाच सांगता येईना. पहिल्या जातीत मी शून्य लिहिलं, दुसऱ्या जातीत चिठ्ठ्या शोधून आकडा, आणि तिसरी जात कोरीच ठेवली. डेटाबेसमध्ये त्या कोऱ्या जागेला नल म्हणतात. पाच हजारांत नल मिळवा म्हटलं तर तो पाच हजार म्हणत नाही. उत्तरही नल देतो. ज्याचा एक भाग ठाऊक नाही त्याची बेरीज मला ठाऊक नाही, असं त्याचं म्हणणं.

याला एक आडवाट आहे आणि ती गिऱ्हाइकाला सांगितलीच पाहिजे. ओळीत मिळवणी केली की तो असा कडक वागतो. पण उभ्या रकान्याची बेरीज मागितली की कोऱ्या जागा गुपचूप वगळतो आणि स्वच्छ दिसणारा आकडा पुढं करतो. म्हणून मी बेरजेच्या खाली नेहमी आणखी एक ओळ दाखवते: यात इतक्या नोंदी धरलेल्या नाहीत. मालकांना ही ओळ सुरुवातीला खुपते. पण त्या ओळीनंच चिठ्ठ्या शोधायला माणूस उठतो.

पैशाच्या बाबतीतही त्याच्याकडं अंदाजाचा एक कप्पा आहे. दशांशाचे आकडे ठेवायला संगणकाची जी नेहमीची जात असते, तिच्यात ०.१ हा साधा आकडाही नेमका बसत नाही, कारण ती दोनाच्या घातांत मोजते. २३ क्विंटल ४७ किलो सोयाबीन ४,३५० च्या भावानं म्हणजे १,०२,०९४ रुपये ५० पैसे. एका पट्टीत फरक दिसणार नाही. हंगामभराच्या पट्ट्या एकत्र मांडल्या की पैशापैशानं ताळा चुकू शकतो. त्यासाठी त्याच्याकडं नेमक्या दशांशाची वेगळी जात आहे, डेसिमल नावाची. पैसे आणि वजन तिच्यातच ठेवायचे. तो दोन्हीला तयार असतो. कुठल्या रकान्यात अंदाज चालेल आणि कुठल्या रकान्यात नाही, हे ठरवणं माझ्या कामाचा भाग.

अर्धवट काम त्याला खपत नाही. सोयाबीनच्या आवकेच्या दिवसांत, दसरा-दिवाळीच्या मधे, दुकानात श्वास घ्यायला वेळ नसतो. एक पट्टी निघते तेव्हा पाच ठिकाणी नोंद होते: शेतकऱ्याच्या खात्यावर जमा, खरेदीदाराच्या नावे, हमाली वेगळी, तोलाई वेगळी, बारदान्याचा साठा कमी. अशात एकदा लाइट गेली. बटण दाबलेलं, कागद निघालेला नाही. लाइट आली तेव्हा काकांचा चेहरा उतरला होता: शेतकऱ्याला जमा पडले आणि खरेदीदाराच्या नावे पडलेच नसले तर? उघडून पाहिलं. ती पट्टी कुठंच नव्हती. पाची ठिकाणी काही झालेलं नव्हतं. पुन्हा एकदा बटण दाबलं, पाची नोंदी झाल्या, पट्टी हातात आली. आत काय घडलं होतं? काम करण्याआधी तो आपल्यापुरतं टाचण लिहितो. शुद्धीवर आला की आधी ते टाचण वाचतो. जे पुरं झालं आणि ज्याची कबुली दिली ते राखतो, जे मध्येच तुटलं ते मागं फिरवतो. सगळं किंवा काहीच नाही. ही शिस्त मायएसक्यूएलमध्ये २०१० च्या सुमारास न सांगता मिळू लागली. त्याआधी बसवलेल्या डेटाबेसात ती मागून घेतली असेल तरच असते, म्हणून जुनं सॉफ्टवेअर दुरुस्तीला आलं की मी रंगरूपाकडं न बघता पहिल्यांदा हे तपासते.

पोरक्या नोंदीही तो होऊ देत नाही. एक शेतकरी वारले. दुकानातल्या नव्या मुलानं त्यांचं खातं खोडायला घेतलं. डेटाबेसनं नकार दिला: या क्रमांकावर पट्ट्या आहेत. मुलगा मला फोनवर म्हणाला, 'मॅडम, डिलीटच होऊ देईना.' मी म्हटलं, बरोबरच करतोय तो. माणूस गेला तरी त्यानं घातलेला माल खरा, त्याची बाकी त्याच्या वारसांची. अशा खात्याला 'बंद' अशी खूण करायची, ओळ तशीच ठेवायची. काकांना हे लगेच पटलं. 'आमच्या वहीतबी पान फाडत नसतेत,' ते म्हणाले. चुकलेल्या आकड्यावर एकच आडवी रेघ, म्हणजे खालचा आकडा वाचता आला पाहिजे, ही त्यांची जुनी शिस्त. त्या दिवसापासून त्यांचं आणि डेटाबेसचं जमलं. दोघांचं शिक्षण वेगळं, पण हिशोबाची नीती एक.

एवढा कडक असूनही तो भोळा आहे, आणि हे झाकून चालणार नाही. तो शब्दांचा आकार तपासतो, मनातला हेतू तपासत नाही. 'भाव बदल' एवढंच सांगितलं आणि कुणाचा ते सांगायचं राहिलं, तर तो उलट विचारत नाही; सगळ्यांचा भाव बदलतो. हजारो ओळी, पापणी लवते तोवर. म्हणून चालू डेटाबेसवर मी हात घालते तेव्हा आधी तोच प्रश्न नुसता बघण्यासाठी विचारते, किती ओळी येतात ते मोजते, आणि मगच बदल करते.

दुसरा भोळेपणा जास्त धोक्याचा. साइटवर नाव लिहायच्या चौकटीत कुणी नावाऐवजी त्याच्याच भाषेतला हुकूम लिहिला, आणि प्रोग्रॅमनं तो मजकूर जसाच्या तसा आत नेऊन दिला, तर हुकूम मालकाचा की वाटसरूचा हे त्याला ओळखता येत नाही. तो पाळतो. जगभरातल्या कितीतरी चोऱ्या याच वाटेनं झाल्या. उपाय अवघड नाही: प्रश्न आधी ठरवून त्याच्याकडं द्यायचा आणि बाहेरून आलेला मजकूर वेगळा द्यायचा, म्हणजे त्या मजकुराला तो फक्त मजकूर मानतो. पण हे लिहिणाऱ्यानं केलं तरच होतं. साइट दिसायला दोन्हीकडं सारखीच दिसते. स्वस्तात झालेल्या साइटमध्ये काय राहून गेलंय ते गिऱ्हाइकाला बाहेरून कळत नाही, आणि ही आमच्या धंद्यातली सगळ्यात मोठी जोखीम गिऱ्हाइकाच्याच माथी असते.

आणि तो मर्त्य आहे. लोकांना वाटतं एकदा कॉम्प्युटरमध्ये गेलं की गेलं, कायमचं राहिलं. वहीला वाळवी लागते, याची डिस्क जाते. वेळ लागतो तो याला कमीच. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीला जो भूकंप झाला त्यानंतर आमच्या जिल्ह्यात कुणाला वेगळं सांगावं लागू नये की एका छताखाली ठेवलेली गोष्ट त्या छताबरोबर जाते. म्हणून प्रत्येक दुकानाच्या डेटाबेसची एक प्रत दुकानात, एक वेगळ्या ड्राइव्हवर दुसऱ्या घरी, आणि एक दूरच्या सर्व्हरवर, रोज रात्री आपोआप जाणारी. ॲमेझॉननं २०१६ साली मुंबईत सर्व्हर केंद्र सुरू केल्यापासून हे दूर म्हणजे आपल्याच राज्यात. पण प्रत ठेवली म्हणजे झालं असं नाही. मी अधूनमधून ती प्रत रिकाम्या मशीनवर उघडून मालकांसमोर मागच्या महिन्यातली एक पट्टी काढून दाखवते. न उघडलेल्या प्रतीवर विश्वास ठेवणं हा अंदाज झाला, आणि ज्याच्याजवळ आपण काम करतो त्याच्याकडून एवढं तर शिकायला हवं.

लक्ष्मीपूजनाला आता बऱ्याच दुकानांत नव्या वहीशेजारी लॅपटॉप ठेवतात, त्यालाही हळदकुंकू लागतं. ते योग्यच आहे. मात्र पूजा होते त्या वस्तूची किल्ली कुणाकडं आहे हेही मालकानं विचारावं. असे डेटाबेस माझ्याकडं येतात ज्यांचा पासवर्ड मालकाला ठाऊक नाही, करून देणारा गाव सोडून गेलेला, डोमेन त्याच्याच नावावर, तक्त्यांना दिलेली नावं त्याची त्यालाच कळतील अशी. दुकान चालू असतं, पण आपल्याच हिशोबापुढं मालक परका असतो. कॉडनं पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी जो माणूस मधून काढला, कुठं काय ठेवलंय ते एकट्यालाच ठाऊक असलेला, तो माझ्या धंद्याच्या रूपानं पुन्हा मधे येऊन बसला आहे. मुनीम निदान गादीशेजारी असायचा. आम्ही फोनवर असतो, आणि फोन लागेलच असं नाही.

म्हणून काम पुरं झालं की मी चार गोष्टी मालकांच्या हाती देते. डोमेन आणि होस्टिंग त्यांच्या नावावर. पासवर्ड बंद पाकिटात. एक प्रत, ती परत कशी उघडायची त्या पायऱ्यांसह. आणि एक मराठीत लिहिलेला कागद: कुठल्या तक्त्यात काय आहे, कुठला रकाना कोरा राहू शकतो आणि कोरा म्हणजे काय, कुठला आकडा कशातून येतो. हा कागद लिहायला मला कधी कधी प्रोग्रॅमइतकाच वेळ लागतो आणि त्याचे पैसे मी आधी सांगून घेते. उद्या मी नसले, किंवा त्यांना माझं काम आवडलं नाही, तर दुसऱ्या कुणीही तो कागद वाचून काम पुढं न्यावं.

त्याच हिशोबाचा शेवटचा वारसदार शेतकरी आहे. एका दुकानाच्या साइटवर आता शेतकरी आपला खातेक्रमांक टाकतो, मोबाइलवर आलेला आकडा भरतो आणि स्वतःची पट्टी स्वतः बघतो: वजन किती, भाव किती, हमाली किती, तोलाई किती, उचल किती वळती झाली, हातात किती. प्रत्येक कपात वेगळ्या ओळीत. बाकड्यावर ताटकळत, दुसऱ्याच्या सवडीनं विचारायचा प्रश्न तो शेताच्या बांधावरून विचारतो, आणि उत्तर देणारा त्याचं नाव, जात, कपडे, मागची ओळख काही बघत नाही. क्रमांक बघतो आणि नोंद असेल ते सांगतो. उदगीरमध्ये, देवणीत, जळकोटमध्ये कुणी साइट किंवा सॉफ्टवेअर करून घेत असेल तर किंमत विचारण्याआधी त्यानं करून देणाऱ्याला एवढंच विचारावं: तुम्ही नसाल तेव्हा माझा हिशोब मला वाचता येईल का? याचं उत्तर कागदावर मागावं, अंदाजानं दिलेलं घेऊ नये.